अकरा तारखेचा बिल्ड

१

म्हाळूच्या दहाव्यानंतरच्या शनिवारी सकाळी त्याचा मुलगा परमेश्वर वनमाला सिस्टरच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याचा गोटा केलेला, डोळे खोल गेलेले, काखेत लॅपटॉपची पिशवी. आत बोलावलं तरी आला नाही. पायरीवरच टेकला आणि म्हणाला, "सिस्टर, आबा आपल्या मरणानं न्हाई गेला. कुणाचा तरी हात हाय त्यात. कुणाचा, ते तुमी काढा."

वनमाला सिस्टर काही पोलिसात नव्हत्या. तेहेतीस वर्षं धारूर तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून वाड्यावस्त्या पायाखाली घालून त्या निवृत्त झालेल्या. नवऱ्यापासून लपवलेलं, सासूपासून लपवलेलं, कधी कधी स्वतःपासूनसुद्धा लपवलेलं बायकांच्या तोंडून काढून घेणं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. नंतर गावातली दोन-चार कोडीही त्यांनी सोडवली होती; शाळेतून गायब झालेलं रजिस्टर, एका सुनेचं डोरलं. त्यांची रीत एकच. 'कोण' आणि 'का' त्या आधी विचारत नसत. त्या विचारत, 'कधी?' माणूस कारण खोटं सांगतो, नाव खोटं सांगतो. वार आणि वेळ जुळवून खोटं बोलणं मात्र फार थोड्यांना साधतं.

आणि मेंढरं घेऊन रानोरान फिरणारा म्हाळू त्यांना परका नव्हता. मेंढरांचा वाडा कुठल्याही रानात बसलेला असो, लेकरांच्या लशीची तारीख न चुकता ध्यानात ठेवणारा बाप त्यांनी तेवढा एकच पाहिला होता. परमेश्वर आणि रोहिणी, दोघांच्या नाळा सिस्टरनीच कापलेल्या.

घडलं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. चौदा तारखेला, शुक्रवारी, म्हाळूचा वाडा तेलगावच्या शिवारात होता. सकाळी नऊला त्याच्या छातीत कळ आली. घाम फुटला. त्याची बायको सारजाबाई ओरडली, रानमालकानं जीप काढली आणि दहा मिनिटांत त्याला तेलगावच्या खासगी दवाखान्यात आणलं. त्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढायचं यंत्र होतं. यंत्रातला आलेख संगणकात जायचा, संगणकातून संभाजीनगरच्या हृदयाच्या डॉक्टरांना, आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन यायचा: रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्या, किंवा देऊ नका. दोन वर्षांत नऊ माणसं त्या इंजेक्शनानं वाचली होती.

यंत्र आणि संगणक यांना एकमेकांशी बोलायला लावणारी फाईल परमेश्वरनं लिहिलेली. त्याच्या धंद्यात तिला लायब्ररी म्हणतात. त्या शुक्रवारी ती उघडलीच नाही. पडद्यावर आलं, 'या सिस्टीमवर चालणार नाही.' आलेख गेला नाही, फोन आला नाही, आणि नुकत्याच पास झालेल्या डॉक्टरला आलेखाशिवाय इंजेक्शन द्यायचं धाडस झालं नाही. अर्ध्या तासानं त्यानं म्हाळूला अँब्युलन्समधून अंबाजोगाईला पाठवलं. आडसच्या अलीकडेच म्हाळू गेला.

"दवाखान्यातून पप्पूचा फोन आल्ता," परमेश्वर सांगत होता. "म्हणला, चालंना. पेशंट माजा आबा हाय ते त्यालाबी ठाव नव्हतं. मी म्हणलं, जुनी फाईल लाव. म्हणला, न्हाई माज्याकडं. मग मी फाईल नव्यानं घडवायला घेतली, नवा बिल्ड. बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात ऑफिसाखालच्या रस्त्यानं अँब्युलन्स गेली, सिस्टर. मी सायरन ऐकला. मान वर करून बघितलंबी न्हाई. म्हणलं, आपलं काम आधी."

पाण्याचा तांब्या सिस्टरनी त्याच्यापुढे सरकवला.

नवा बिल्ड तयार झाला तेव्हा मायचा फोन आला होता. पुढे चार दिवसांनी ती नवी फाईल दवाखान्यात बसवली, तर ती बिनतक्रार चालली. दोन्ही फायलींतला मजकूर अक्षरन् अक्षर तोच. एक चालते, एक चालत नाही.

"अकरा तारखेची फाईल मी सोता केलती, थोरल्यावर, आमच्या जुन्या संगणकावर. 'पूर्ण' म्हणून आलेलं माज्या डोळ्यांनी बघितलंय. मग मधी कुणीतरी ती बदलली. पप्पूनं, न्हाई तर दवाखान्याच्या मोहनरावांनी. परवा सोमवारी मी ठाण्यात जाऊन दोघांची नावं देणार हाय. त्याच्या आत तुमाला दुसरं कुणी सापडलं तर सांगा."

२

परमेश्वरचं ऑफिस म्हणजे धारूरच्या बाजारात वत्सलाबाईच्या पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. टेबलांवर बोट फिरवलं तर पीठ लागायचं. आत तो आणि त्याची धाकटी बहीण रोहिणी, दोघंच. तो लिहायचा, ती तपासायची. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही फाईल बाहेर जायची नाही, हा त्यांचा नेम.

कोपऱ्यात जुन्या ओढणीखाली एक अवजड संगणक होता. त्याचं नाव थोरला.

हे जुनं धूड कशाला सांभाळलं, असं सिस्टरनी विचारलं, तेव्हा परमेश्वरनं समजावून सांगितलं. तालुक्यातल्या दवाखान्यांमधले संगणक दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सिस्टीमवर चालतात. ते बदलणं कुणाच्या हातात नाही. आपण लिहितो ते कागदावरचं लिखाण. ते यंत्राला चालेल अशा फायलीत घडवायचं, त्याला बिल्ड म्हणायचं. हा बिल्ड नव्या संगणकावर केला, तर फाईल नकळत नव्या घरच्या सवयी उचलते. नव्या सिस्टीमकडेच असतात अशा गोष्टी मागायला लागते. त्या जुन्याकडे नसतात, म्हणून जुना तिला दारातूनच परत पाठवतो. लिखाणात एक अक्षर न बदलता हे होतं. उलट जुन्यावर घडवलेली फाईल जुन्यावरही चालते, नव्यावरही. म्हणून दवाखान्यात जायचं ते थोरल्यावरच घडवायचं.

"आबाला एकदा सांगितलं हे," परमेश्वर म्हणाला. "तो म्हणला, त्यात काय. माळावर वाढलेलं कोकरू पेंडीवर जगतं. पेंडीवर वाढलेलं माळावर जगत न्हाई."

रोहिणी आपल्या जागी बसून होती. तिच्यापुढे कडा फुटलेला जुना लॅपटॉप होता. दवाखान्यात होती तीच सिस्टीम तिच्या लॅपटॉपवर मुद्दाम ठेवलेली, तपासणीसाठी. इथं चाललं तर तिथं चालणारच. सिस्टर आल्यापासून तिनं मान वर केली नव्हती. आता मात्र ती हळूच म्हणाली, की हे कशाला उकरायचं, गेलेलं माणूस परत येतं का. परमेश्वर तिच्यावर खेकसला. ती उठून पाणी प्यायला गेली.

सिस्टरनी तारखा मांडायला घेतल्या.

नऊ ते बारा रोहिणी उमापूरला होती, मामेबहिणीच्या लग्नात. अकरा तारखेला, मंगळवारी, परमेश्वर बीडला एका दवाखान्यात गेलेला. दुपारी पप्पूचा फोन आला, की आलेखावर रुग्णांच्या नावातली जोडाक्षरं तुटून येतात, तिकडचे डॉक्टर चिडतात, आजच्या आज करून द्या. बदल अगदी किरकोळ होता. परमेश्वरनं बीडमध्ये बसूनच तो केला. आपल्या लॅपटॉपवरून थोरल्याला हुकूम सोडला, नेहमी सोडतो तसा. दोन वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर 'पूर्ण' आलं. फाईल परत आली. त्यानं ती पप्पूला फोनवर पाठवून दिली.

"रोहिणीनं तपासली?"

"तीच चूक झाली. ती लग्नात होती. म्हणलं, दोन वळींचा तर बदल हाय."

ऑफिसच्या किल्ल्या किती, हे सिस्टरनी शेवटी विचारलं. तीन, तो म्हणाला. एक त्याच्याकडे, एक रोहिणीकडे. तिसरी जागेच्या मालकाकडे. मालक म्हणजे मोहनराव. तेलगावच्या दवाखान्याच्या मंडळाचे अध्यक्षही तेच.

३

पप्पू तेलगावच्या दवाखान्यातला संगणक बघायचा. तिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. पण त्या दिवशी सिस्टरना बघून त्याचं हसू मावळलं. परमेश्वर गावभर आपलं नाव घेतोय हे त्याच्या कानावर आलेलं होतं. खुर्ची देऊन तो उभाच राहिला.

फाईल कधी आली? अकराला दुपारी. बसवली कधी? तेराला संध्याकाळी, बाराला तो रजेवर होता. त्यानंतर पहिला आलेख कुणाचा? म्हाळूचाच.

"आणि जुनी फाईल कधी काढलीस?"

त्यानं बाहेरच्या बाकावरल्या रोग्यांकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं. मग सांगू लागला, की संगणकात जागा उरली नव्हती. तो सारखा अडायचा. नवी आली म्हणून तेराला त्यानं जुनी पुसली. परमेश्वरनं शंभरदा बजावलेलं, की नवी नीट चालेपर्यंत जुनीला हात लावू नको. ती असती तर दोन मिनिटांत परत बसवता आली असती.

"पोलिसाला नका सांगू असं न्हाई म्हणत मी," तो म्हणाला. "सांगा. पण बदलली न्हाई मी फाईल. मला बदलता येत असती, तर त्या दिवशी दुरुस्तच नसती का केली? म्हाळूबाबा समोर खाटंवर व्हता. मला म्हणला, बाळा, घाई करू नको, व्हईल."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रडणाऱ्या माणसावर विश्वास टाकायचा नाही, हे सिस्टर नोकरीत शिकल्या होत्या. त्यांनी त्याचा फोन मागून घेतला. परमेश्वरनं पाठवलेली फाईल त्या संदेशात अजून तशीच होती. अकरा तारीख, दोन वाजून सव्वीस मिनिटं. सिस्टरनी ती त्याला दवाखान्याच्या संगणकावर लावायला सांगितली. पडद्यावर तेच वाक्य आलं. या सिस्टीमवर चालणार नाही.

म्हणजे दवाखान्यात कुणी काही बदललं नव्हतं. फाईल इथं आली तीच मेलेली होती. जे घडलं ते धारूरमध्ये, दोन वीसच्या आत.

सिस्टर उठल्या तसा पप्पू घुटमळत म्हणाला, की एक गोष्ट त्यानं अजून कुणाला सांगितलेली नाही. दहा तारखेला मोहनराव दवाखान्यात आले होते. त्यांनी विचारलं, हा जुना डबा बंद कधी पडायचा. आणि अकराला ते धारूरला गेलते. भरदुपारी.

४

मोहनराव कापसाच्या गंजीजवळ खुर्ची टाकून बसले होते. सिस्टरना बघून उठले. साठी ओलांडलेला, पंचायत समितीत दोन वेळा निवडून गेलेला माणूस. त्यांच्यापुढे कुणी सहसा थेट प्रश्न विचारत नसे. सिस्टरनी विचारला.

हो, गेलो होतो, ते म्हणाले. लपवायचं काय त्यात. दवाखान्याला नवा संगणक मंजूर झालाय, महिन्याभरात येईल. त्याच्यावर तुझी फाईल चालेल ना, एवढंच परमेश्वरला विचारायला गेलो. दोनच्या सुमारास जिना चढलो. दाराचं कुलूप आतल्या बाजूचं, कुणी आत आहे की नाही ते कळेना, म्हणून बेल दाबली. वाजली नाही. तीनदा दाबली. मग कडी वाजवली, हाक मारली आणि खाली आलो.

"किल्ली होती ना तुमच्याकडं?"

"घरी कपाटात हाय. भाडेकऱ्याची खोली उघडायची आपल्यात रीत न्हाई, सिस्टर."

मग त्यांनी सांगितलं, की म्हाळूचा वाडा त्यांच्याच रानात बसलेला होता. जीप त्यांनीच काढली. म्हाळूचं डोकं मांडीवर घेऊन ते मागं बसले होते. "माज्यावर पोराचा संशय हाय, ते कळलंय मला. येऊ द्या ठाण्यात. मी जाईन. बाप गेलेल्या पोरासंग भांडायचं काय."

धारूरला परतताना एस.टी.त सिस्टरच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मोहनरावांचा आवाज खरा होता. पण आवाजावर त्या कधीच विसंबत नसत. त्यांना अडलं होतं ते वेगळंच. बेल वाजली नाही. तीनदा दाबून वाजली नाही. आणि आज सकाळीच त्यांनी स्वतः ती बेल दाबली होती, तेव्हा ती ठणठणीत वाजली होती.

बाजारात उतरल्या त्या सरळ गिरणीत गेल्या. वत्सलाबाई पदरानं तोंड झाकून दळण काढत होती. अकरा तारखेला, मंगळवारी, दुपारी गिरणी चालू होती का, एवढंच त्यांनी विचारलं.

वत्सलाबाईला आठवायला वेळ लागला नाही. बाजारचा दिवस नाही, पण लग्नसराईची दळणं पडलेली, आणि त्या दिवशी सकाळी दहालाच लाईट गेली. चौकातला विजेचा डीपी बदलायचा होता. पाचला आली. आठ डबे तसेच परत नेले लोकांनी, आणि शिव्या तिला खाव्या लागल्या.

"वरच्या खोल्यांना इन्व्हर्टर असंल की."

"हाय, पण दिवाळीपासून मेलाय. रोहिणी रोज म्हणती, दुरुस्तीला टाकायचाय."

सिस्टर गिरणीच्या पायरीवर बसल्या. दहा ते पाच लाईट नव्हती. थोरल्याला बॅटरी नव्हती. दुपारी दोन वीसला थोरला म्हणजे ओढणीखालचा नुसता पत्रा होता. मग त्या वेळी 'पूर्ण' म्हणालं कोण?

५

त्यांनी वर जाऊन विचारायच्या आतच रोहिणी खाली आली. गिरणीत सिस्टर कशासाठी आल्या असतील, हे तिला खिडकीतूनच उमगलं असावं. ती त्यांना गावाबाहेर, किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर घेऊन गेली. चालता चालता, अंगावर काटा यावा इतक्या शांत आवाजात तिनं सांगितलं.

"सिस्टर, दादाला बोलू नका म्हणून आले. मीच केलं ते."

तिनं सगळं ओळीनं सांगितलं. थोरला बंद असल्याचं तिला उमापूरला कळलं. दादाचा हुकूम अडकून पडेल, तेलगावचे लोक ओरडतील, म्हणून तिनं लग्नाच्या मांडवातच आपला लॅपटॉप उघडून बिल्ड करून टाकला, आणि तो थोरल्याकडून आल्यासारखा दादाकडे पोहोचवला. घाईत तपासलं नाही. दादाला सांगायची हिंमत झाली नाही. तिची तयारी आहे. सोमवारी दादाबरोबर तीच ठाण्यात जाईल. त्यानं जन्मभर तोंड बघितलं नाही तरी चालेल.

सिस्टर ऐकत होत्या. तारखा जुळत होत्या, वेळा जुळत होत्या. पोरगी हुशार होती, तिनं एकही फट ठेवली नव्हती. वाटेतल्या एका दगडावर त्या बसल्या आणि तिलाही शेजारी बसवलं.

"रोहिणी, तुझ्या लॅपटॉपवर कोणती सिस्टीम हाय?"

रोहिणी उठायला लागली, सिस्टरनी तिचा हात धरला.

"परमेश्वरनं सांगितलंय मला, दवाखान्यातलीच. जुनी. म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर घडवलेली फाईल तिथं चालली असती, पोरी. तू बिल्ड केला असतास, तर तुझा बाप वाचण्याची आशा तरी होती."

इतका वेळ कोरडी राहिलेली पोर तेव्हा मोडली. सिस्टरच्या मांडीत तोंड घालून ती किती तरी वेळ हुंदके देत राहिली. बाप गेल्यापासून घरात कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, रोहिणी धीराची आहे.

मग खरं बाहेर आलं. बाप गेल्याच्या चौथ्या दिवशी, दवाखान्यासाठी नवी फाईल तपासताना तिनं थोरल्याची नोंद उघडून पाहिली. अकरा तारखेची नोंदच नव्हती. ती चक्रावली. मग दादाच्या लॅपटॉपवरची हुकमाची यादी तिनं वाचली. थोरल्याला जागं कर, बिल्ड कर, परत आण, असं त्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं. मधेच एक ओळ होती: थोरल्यानं ओ दिली नाही, तर याच लॅपटॉपवर बिल्ड कर. आणि पडद्यावर दोन्ही वेळेस शब्द एकच, 'पूर्ण'.

परमेश्वरचा लॅपटॉप नवाकोरा होता.

ती ओळ सव्वा वर्षापूर्वीची होती. त्या दिवशीही लाईट गेलेली, इन्व्हर्टरही उतरलेला. एक फाईल नुसती चाचणीसाठी घडवायची होती, आणि लाईट यायची वाट बघत बसायला परमेश्वरला वेळ नव्हता. ओळीशेजारी त्यानं स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती, आणि नंतर ती ओळ काढायची विसरून गेला होता. रोहिणीला टीप पाठ झाली होती. 'तात्पुरतं. आबाला डोळे दाखवायला न्यायचंय.'

"मी पुसली ती ओळ," रोहिणी म्हणाली. "आता तसं परत कधी व्हनार न्हाई. दुसऱ्या चारी दवाखान्यांच्या फायलीबी मी तपासल्या, त्या नीट हायत. मग त्याला सांगून काय मिळनार, सिस्टर? माज्यावर रागवून तो जगंल. सोतावर रागवून न्हाई जगायचा."

सिस्टरनी तिला उठवलं आणि दोघी गावाकडे वळल्या. उद्या रविवार होता. परवा सोमवार.

६

रात्रभर त्यांनी उलटसुलट विचार केला, असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांचं ठरायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो धीर व्हायला. पप्पू आणि मोहनराव ठाण्याच्या पायऱ्या चढणार होते, किंवा त्यांच्या जागी रोहिणी. तिघांचाही तो अपराध नव्हता. आणि परमेश्वर अडाणी नव्हता. आज ना उद्या त्यालाही बेलचं कळेल, गिरणीचं कळेल. तेव्हा बहिणीनं बापाचं मरण आपल्यासाठी अंगावर घेतलं, हे ओझंही त्याच्या माथी पडेल. एक खोटं त्याला दोनदा मारेल. एवढं सगळं कळत असूनही रविवारी जिना चढताना सिस्टर मधल्या पायरीवर थांबल्या. मेलेलं मूल आईच्या हातात द्यायला जाताना दाराबाहेर थांबायच्या तशा.

दोघंही ऑफिसात होते. सिस्टरनी रोहिणीला बस म्हटलं. मग परमेश्वरला म्हणाल्या, "बाळा, अकराला दहा ते पाच लाईट नव्हती. थोरला बंद होता."

त्यांना वाटलं होतं, बरंच समजवावं लागेल. लागलं नाही. तो आधी म्हणाला, शक्य नाही, बंद असता तर हुकूम तिथंच थांबला असता, पडद्यावर लाल अक्षरं आली असती. बोलता बोलता त्याचा आवाज मंदावला. त्यानं रोहिणीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. तेव्हा त्यानं लॅपटॉप ओढला आणि हुकमाची यादी उघडली. ओळ नव्हती. मग त्यानं यादीतले जुने बदल काढले. पुसलेली ओळ लाल रंगात दिसली, शेजारी पुसणारीचं नाव, आणि खाली लिहिणाऱ्याचं.

आपली टीप त्यानं दोनदा वाचली असावी. ओठ हलताना दिसले.

खालची गिरणी चालू होती. परमेश्वरनं लॅपटॉप मिटला. मग त्यानं विचारलं, "सिस्टर, इंजेक्शन मिळालं असतं तर?"

तेहेतीस वर्षांत ह्या प्रश्नाला द्यायची सोपी उत्तरं सिस्टरना तोंडपाठ होती. आयुष्य तेवढंच होतं. देवाच्या मनात होतं. ती त्यांनी दिली नाहीत.

"बरीच माणसं वाचतात," त्या म्हणाल्या. "सगळी न्हाई. म्हाळूचं कुणालाच सांगता यायचं न्हाई."

त्यानं मान हलवली. उठून त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग पुन्हा बसून त्यानं पाचही दवाखान्यांना पत्र लिहिलं. काय झालं, कशामुळे झालं, ओळ कुणी लिहिली. खाली स्वतःचं नाव घातलं. तेच पत्र पप्पूला पाठवलं. मोहनरावांना फोन लावला, आणि ते काही म्हणायच्या आत माफी मागून ठेवून दिला. सोमवारची ठाण्याची गोष्ट कुणी काढली नाही.

"मायला मीच सांगतो," तो म्हणाला. "तुमी दोघी नुसत्या संगं चला."

म्हाळूचा वाडा आता घाटाच्या वरच्या अंगाला एका मोकळ्या रानात होता. दुपार कलली होती. सारजाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, आणि तरी कामात खंड नाही, कारण मेंढरांना सुतक नसतं. परमेश्वर तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सांगितलं. संगणकाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की त्या दिवशी दवाखान्यात जे अडलं ते माझ्या हातानं अडलं. मी घाईत एक काम अर्धवट ठेवलं होतं. ते मी विसरलो, आणि आबा गेला.

सारजाबाईचा हात पिठात थांबला. तिनं लेकाकडे पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी रोहिणीनं पुढे होऊन ती उलटली. मेंढरं हलत होती, एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं. परमेश्वर उठला आणि दूर, मेंढरांभोवती लावलेल्या वाघुरीच्या जाळीपलीकडे पाठ करून बसला. हाक मारावी असं कुणाला वाटलं नाही, किंवा वाटूनही मारवली नाही.

बऱ्याच वेळानं सारजाबाईनं ताटलीत दोन भाकरी ठेवल्या. वर कालवण ओतलं, कांदा ठेवला. ताटली उचलून ती अर्ध्यापर्यंत उठली आणि परत खाली बसली. मग तिनं ती ताटली सिस्टरच्या पुढ्यात सरकवली.

"सिस्टरबाई," ती म्हणाली, "त्याला जेवाया सांगा. सकाळधरनं उपाशी असंल. माज्या तोंडातनं आज न्हाई निगायचं."

सिस्टरनी दोन्ही हातांनी ताटली घेतली आणि त्या वाघुरीकडे चालू लागल्या.